बारा ट्यूबा नकोत, पाच घ्या

जवसाच्या एका वाणाचं नावच ‘लातूर जवस-९३’ आहे. करडई तर मराठवाड्याच्या रब्बीतलं जुनं पीक. तैलरंग घोटतात ते मुख्यतः याच दोन तेलांत. बहुतेक रंगांना जवसाचं तेल चालतं, पांढऱ्याला अनेक कंपन्या करडईचं वापरतात, कारण ते कमी पिवळं पडतं. तेलं अशी ओळखीची, पण रंग घ्यायला नांदेड-लातूरचा होतकरू चित्रकार दुकानात शिरला, की बारा ट्यूबांची पेटी मागतो. माझं मत स्पष्ट आहे: पेटी घेऊ नका.

तेवढ्याच पैशात सुट्या, पण वरच्या दर्जाच्या पाच ट्यूबा घ्या: टायटॅनियम व्हाइट (ही मोठी), यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि एक टिकाऊ लाल. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत रंगद्रव्य कमी आणि भरण जास्त असतं. पांढरा मिसळला की ते लगेच फिके पडतात. नावापुढे ‘ह्यू’ दिसलं, तर मूळ रंगद्रव्याऐवजी पर्याय वापरलाय असं समजा. काळा तर विकत घ्यायलाच नको. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा, नांगरलेलं काळं रान हुबेहूब उतरेल.

कॅनव्हासवरही थोडे पैसे घाला. प्रायमर नसलेल्या कापडात तेल मुरतं आणि कालांतरानं कापड कुजतं. हार्डबोर्डही चालेल, पण त्यालाही अस्तर हवंच.

तेलाच्या बाबतीत मात्र गावाभिमान आवरा. घाण्याचं जवसतेल चटणीत घाला, रंगात नको. ते शुद्ध केलेलं नसतं. त्यातल्या चिकट अंशानं रंग पिवळट पडतो. चित्रकलेसाठी शुद्ध केलेलं जवसतेलच घ्या. शेंगदाण्याचं तेल तर कधी वाळतच नाही. जवसाचं वाळतं ते हवेतला ऑक्सिजन शोषून, पाण्यासारखं उडून जाऊन नव्हे. या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. आपल्या मे महिन्यात तर विशेष जपा. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

सुट्या ट्यूबा इथं मिळत नाहीत, अशी तक्रार नेहमी कानावर येते. पण गिऱ्हाइकच पेटी मागतं, तर दुकानदार दुसरं काय ठेवणार? चारजणांनी मिळून यादी द्या आणि माल मागवायला लावा. खपतंय असं दिसलं, की पुढच्या खेपेला तो आपणहून आणेल.