तान्ह्याचा खेळ

बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या चौकश्या ठरलेल्या असतात. वजन किती भरले, दूध पुरते का, लस टोचून झाली का? ह्या चौकश्या योग्यच आहेत. परंतु बाळाशी कोण खेळते, केव्हा खेळते, असे विचारणारा पाहुणा सहसा आढळत नाही. खेळ म्हणजे पोट भरल्यानंतरची चैन, अशी आपली समजूत आहे. सुरतेच्या कतारगामसारख्या कामकरी वस्तीत तान्ह्या बाळाचा दिवस कसा जातो ते पाहिले, म्हणजे ह्या समजुतीची किंमत कोण मोजतो ते ध्यानात येते.

कतारगाम हे एके काळी सुरतेच्या तटाबाहेरचे गाव. शहराच्या एका दरवाजाला त्याचेच नाव मिळाले. आज तेथे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांची आणि मागांची दाटी आहे. तापी खानदेशातून वाहत सुरतेस येते. त्याच दिशेने, भुसावळ-सुरत लोहमार्गाने, जळगाव, धुळे व नंदुरबारकडची असंख्य मराठी कुटुंबे पोटासाठी ह्या शहरात आली. पुरुष मागावर बारा तासांची पाळी करतो. स्त्री घरी बसून साडीवर खडे व टिकल्या चिकटविते, लोंबते धागे कापते. मजुरी नगावर. एकाच खोलीत चूल, अंथरूण, साड्यांचे गठ्ठे आणि वरच्या कडीला बांधलेली झोळी. हाताने खडे लावता लावता आई पायाच्या अंगठ्याने झोळीची दोरी ओढत असते. ह्या माउलीस कोणी निष्काळजी म्हणू नये. तिने हात थांबविला तर त्या दिवसाची मजुरी थांबते.

झोळीत बाळ झोपले तर तक्रार नाही. परंतु जागे बाळ तासन्‌तास त्या कापडाच्या घडीत पडून राहिले, तर त्याला वरचे छप्पर तेवढे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, एक वर्षाच्या आतील बाळाला एका वेळी तासाभराहून अधिक जखडून ठेवू नये. दिवसातून अनेकदा त्याच्याशी जमिनीवर खेळावे. आणि जे अजून रांगत नाही त्याला जागेपणी, कोणीतरी समोर असताना, दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे. झोपविताना मात्र उताणेच. पालथे पडलेले बाळ मान उचलते, हातांवर भार देते, छाती वर काढते. पुढे बसण्यास व रांगण्यास लागणारे बळ त्याला येथेच मिळते. ह्यासाठी एक धुतलेली गोधडी पुरे आहे.

आणि खेळणे? सर्वांत पहिले खेळणे म्हणजे माणसाचा चेहरा. नवजात बालकाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. छातीशी घेतलेल्या बाळापासून आईचे मुख जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असते, हा योगायोग मानावयास मी तयार नाही. दीड-दोन महिन्यांचे बाळ हसण्याला हसून उत्तर देते. ते ‘अं’ करते, आई ‘अं’ करते. ते थांबते, आई बोलते. संभाषणात आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे असते, हे पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी ते शिकते. पदराआड तोंड लपवून पुन्हा दाखविण्याचा आपला जुना खेळ घ्या. आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या बुद्धीत उजाडू लागते की, दृष्टीआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती तेथेच असते. आई पदरामागे आहे, ती पुन्हा येणार, हा भरवसा त्या हसण्यात असतो. नऊ-दहा महिन्यांचे मूल चमचा दहा वेळा खाली टाकते तेव्हा आपण चिडतो. ते बिचारे पडणे म्हणजे काय, आवाज कोठून येतो आणि आई किती वेळा वाकते, ह्याचा अभ्यास करीत असते!

तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावणे, टाळ्या वाजविणे, बडबडगीते म्हणणे, हे सारे आपल्या आज्यांना ठाऊक होते. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सुरतेत राहणारी काही खानदेशी कुटुंबे अहिराणीची लाज धरून तान्ह्याशी मोडक्या हिंदीत बोलतात. तसे करू नये. सहाव्या ते बाराव्या महिन्यांच्या दरम्यान बाळाचा कान आपल्या भोवतालच्या भाषेचे ध्वनी पक्के करीत असतो. जी भाषा आईच्या तोंडून सहज व भरपूर येते, तीच त्याला द्यावी. गुजराती ते गल्लीत आपोआप शिकेल.

खेळाचे फळ दूरवर जाते, ह्याचा पुरावा जमैका बेटातून आला आहे. १९८६-८७ साली किंग्स्टन येथे वाढ खुंटलेली, नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ गरीब बालके निवडण्यात आली. त्यांपैकी काहींच्या घरी दोन वर्षे, आठवड्यातून एक तास, वस्तीतीलच आरोग्यसेविका जात आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळावयास शिकवीत. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा ही मुले खेळ न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक कमावत होती. झाकण घट्ट लावलेला डबा, स्वच्छ डाव, रंगीत चिंध्यांचा चेंडू एवढ्यावर आपलेही काम भागेल. मोबाइलच्या पडद्याने मात्र भागत नाही. पडदा बाळाच्या ‘अं’ला उत्तर देत नाही, आणि एक वर्षाच्या आत तो दाखवूच नये असे तज्ज्ञ सांगतात.

साडीकामाच्या घरात एक धोका आहे, तो स्पष्ट बोलला पाहिजे. सहा महिन्यांनंतर बाळ सापडेल ते तोंडात घालते. जिभेने व हिरड्यांनी वस्तू ओळखणे हाही त्याचा खेळच. खडा, टिकली, मणी, घड्याळातील चपटा सेल ह्यांपैकी काहीही श्वासनलिकेत वा अन्ननलिकेत अडकून जिवावर बेतू शकते. म्हणून गोधडी पसरण्यापूर्वी जमीन झाडून घ्यावी, आणि कामाचा गठ्ठा व डिंकाची बाटली उंचावर ठेवावी. चाके लावलेली, मूल आत बसविण्याची गाडीही घेऊ नये; अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना पांगुळगाडा निराळा होता. तो धरून मुलाला स्वतः उभे राहावे लागे, स्वतः ढकलावे लागे.

‘फादर, हे सारे करावयास वेळ कोठून आणू?’ हा प्रश्न खराच आहे. मालिश, आंघोळ, दूध पाजणे, लंगोट बदलणे ही कामे टळत नाहीत. तेवढा वेळ बाळाकडे पाहून बोलले, तर निम्मा खेळ तेथेच झाला. उरलेला निम्मा एकट्या आईच्या माथी मारू नये. पाळीहून आलेल्या बापाने हातपाय धुऊन पंधरा मिनिटे बाळाला छातीवर पालथे घ्यावे. पोप फ्रान्सिस २०२५ साली निवर्तले. पापनिवेदनास येणाऱ्या तरुण आईबापांना आपण ‘मुलांशी खेळता का?’ असे विचारतो, हे ते वारंवार सांगत. यशयाच्या ६६ व्या अध्यायात देवाच्या सांत्वनाला उपमा दिली आहे ती कडेवरच्या व मांडीवर खेळविलेल्या बाळाची. ज्या पुरुषांना तान्ह्याला खेळविणे कमीपणाचे वाटते, त्यांनी तो अध्याय उघडून पाहावा.

मोठ्या मुलीला मात्र शाळेतून काढून बाळाजवळ बसवू नये. मुंबईहून सुरतेस येताना डहाणूनंतर घोलवड लागते. त्या परिसरातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम उभारले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे मुली शाळेत येईनात, कारण कडेवर धाकटे भावंड. ताराबाईंनी मुलींना बोल लावला नाही. शाळेला जोडून बालवाडी आणि पाळणाघर काढले. पन्नास कामगारांच्या कारखान्याला पाळणाघर ठेवण्याची सक्ती करणारा कायदा २०१७ साली झाला खरा, पण घरी खडे चिकटविणाऱ्या स्त्रीला त्याचा काय उपयोग? धर्मग्रामातील ज्या वडीलधाऱ्या भगिनींची नातवंडे दूर आहेत, त्यांनी दुपारचे दोन तास आळीपाळीने वस्तीतील बाळांजवळ बसावे, अशी माझी विनंती आहे. खोली मिळविण्याचे मी पाहतो.

आणखी एक. खेळता खेळताच उणीव लवकर दिसते. तीन महिने होऊनही बाळ हसत नसेल, आवाजाने दचकत नसेल, सहा महिन्यांनंतरही वस्तूकडे हात नेत नसेल, नऊ महिन्यांनीही आधाराशिवाय बसत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट करीनासे झाले असेल, तर ‘काही मुले उशिरा करतात’ ह्या शेजारणीच्या बोलावर थांबू नये. अंगणवाडीत ममता दिवसाला येणाऱ्या परिचारिकेस ते त्याच आठवड्यात सांगावे, आणि कानांची तपासणी करून घ्यावयास विसरू नये.