छाटीचा हिशेब कोण देणार?

गोंदिया जिल्ह्यातील विड्या वळणाऱ्या बंधुभगिनींनो, विडीची मजुरी हजारावर ठरते. परंतु ते हजार मोजतो कोण? मालक वस्तीत फिरकत नाही. पाने व तंबाखू सट्टेदार देतो, विड्या तोच मोजतो आणि छाटही तोच काढतो. पान अपुरे पडले तर भुर्दंड मजुराला, विडी छाटली तर श्रम फुकट! हा कोठला न्याय?

१९४६ साली मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली कायदा झाला व त्याच्या अनुसूचीत विडीचा धंदा आला. १९६६ च्या विडी कायद्याने कच्चा माल व छाट यांविषयीचे तंटे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय केली. २०२५ साली हे कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले. परंतु ज्याचे नाव नोंदवहीतच नाही, त्याला कोणताही कायदा कसा ओळखणार?

म्हणून प्रत्येक घरी वही ठेवा. मिळालेली पाने, दिलेल्या विड्या, काढलेली छाट व हाती पडलेली मजुरी शिकलेल्या मुलीने रोज लिहावी. मग सर्वांनी मिळून त्या वह्या घेऊन जावे. दया मागू नका, हिशेब मागा!