अपघाताची जाहिरात

खेळाकडे लोकांना वळवण्यासाठी खेळाडूचा पराक्रम दाखवावा, हा व्यवहार आम्हांस समजतो. परंतु त्याच हेतूने खेळाडूच्या जिवावर बेतलेला प्रसंग पुनःपुन्हा दाखवावा, या व्यवहाराला काय म्हणावे? अमेरिकेतील ‘नॅस्कार’ या संस्थेच्या स्टॉक कार शर्यतींच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. पुढची शर्यत अवश्य पाहा, असे सांगताना पडद्यावर येते ती हवेत उलटणारी मोटार, भिंतीवर आदळून उडणारे पत्रे आणि आगीचा लोळ. सुरक्षिततेची काळजी वाहतो असे म्हणणाऱ्यांनीच अपघाताचा माल करून विकावा, हा दुटप्पीपणा आहे आणि त्याचा आम्ही निषेध करतो.

स्टॉक कार म्हणजे दिसायला बाजारातील मोटारीसारखी, पण शर्यतीसाठी खास बांधलेली गाडी. १९४८ साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने नॅस्कार स्थापन झाली. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘डेटोना ५००’ ही पाचशे मैलांची शर्यत प्रथमच आरंभापासून अंतापर्यंत दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यात आली. शेवटच्या फेरीत आघाडीवरचे केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन एकमेकांवर आदळून भिंतीला धडकले, मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला, आणि मैदानात यारबरो व ॲलिसन बंधू यांची हातघाई जुंपली. त्या दिवशी हा खेळ साऱ्या राष्ट्राच्या नजरेत भरला, असे त्याचे चाहते आजही अभिमानाने सांगतात. पेटीच्या विजयापेक्षा ती धडक आणि ती मारामारीच लोकांच्या स्मरणात राहिली. धंद्याने त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

बरोबर बावीस वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००१ रोजी, त्याच मैदानावर, त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक भिंतीवर आदळून मरण पावला. त्याआधीच्या वर्षी नॅस्कारचे तीन चालक अपघातांत गेले होते. रिचर्ड पेटीचा एकोणीस वर्षांचा नातू ॲडम त्यांपैकीच एक. धडकेच्या वेळी डोके व मान सावरून धरणारे साधन तेव्हा उपलब्ध होते. ते सक्तीचे झाले ऑक्टोबर २००१ मध्ये, चार घरांतील दिवे विझल्यानंतर.

टॅलाडेगाची कथा याहून उद्‌बोधक आहे. १९८७ साली तेथे बॉबी ॲलिसनची गाडी उडून जाळीच्या कुंपणावर आपटली आणि प्रेक्षक जखमी झाले. वेग ताशी दोनशे दहा मैलांच्या वर गेला होता. दुसऱ्या वर्षापासून अशा प्रचंड मैदानांवर इंजिनात जाणारी हवा रोखणारी तबकडी बसवण्यात आली. वेग उतरला, पण साऱ्या गाड्यांची शक्ती सारखी झाल्याने त्या दाटीवाटीने घोळक्यात धावू लागल्या. एकाचे चाक घसरले की पंधरा-वीस गाड्या एकमेकींत अडकतात. या सामूहिक विध्वंसाला चाहत्यांनी ‘द बिग वन’ असे लाडके नाव दिले. २०१९ मध्ये तबकडी जाऊन दुसरे साधन आले, तरी घोळका कायम आहे. सुरक्षिततेसाठी योजलेल्या उपायातून नवे संकट उपजले, आणि तेच पुढे तिकीटविक्रीचे आकर्षण ठरले!

यावर उत्तर मिळते की, चालक स्वेच्छेने धोका पत्करतात. पत्करतात खरे, पण ते शर्यतीचा धोका पत्करतात. आपल्या देहाच्या चेंदामेंद्याची जाहिरात व्हावी म्हणून कोणी गाडीत बसत नाही. २००९ मध्ये टॅलाडेगालाच कार्ल एडवर्ड्‌सची गाडी कुंपणावर उडाली. कोणाचा जीव जाईपर्यंत आम्ही असेच धावत राहू आणि मगच नियम बदलतील, अशा अर्थाचे उद्‌गार त्याने काढले. शिवाय कुंपणापलीकडे बसलेल्या कुटुंबांच्या संमतीचे काय?

दुसरे उत्तर असे की, अर्नहार्टनंतर सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. हे सत्य आहे. नेब्रास्का विद्यापीठातील अभियंत्यांनी धक्का शोषून घेणारी भिंत घडवली, गाड्यांची बांधणी सुधारली. त्या सर्वांना आम्ही वंदन करतो. परंतु २०२२ मध्ये पोकोनो येथे डोक्याला मार बसल्याने कर्ट बुश याची पूर्णवेळ कारकीर्द संपली. मेंदूची इजा पडद्यावर दिसत नाही, म्हणून जाहिरातीतही येत नाही.

मनात चोर होता याचा पुरावा २०१३ सालचा. डेटोनात एका गाडीचे तुकडे कुंपणातून प्रेक्षकांत घुसले आणि अठ्ठावीसहून अधिक जण जखमी झाले. एका प्रेक्षकाने केलेले चित्रण नॅस्कारने यूट्यूबवरून हटवायला लावले. जखमींविषयी आदर म्हणून, असे कारण पुढे दिले गेले. यूट्यूबने ते चित्रण पुन्हा उपलब्ध केले. मग हा आदर चालकांच्या बाबतीत कुठे जातो? विकाऊ अपघात हवा, रक्त मात्र दिसता कामा नये!

तिसरे उत्तर सर्वांत जुने आहे: लोकांना हेच आवडते. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात अलिपियस या मित्राची हकिकत सांगितली आहे. रोममधील जीवघेण्या द्वंद्वांचा त्याला तिटकारा होता. सोबत्यांनी ओढून नेले, तरी तो डोळे मिटून बसला. एक योद्धा कोसळताच जमाव गरजला. अलिपियसने कुतूहलाने डोळे उघडले आणि ते पुन्हा मिटेनात. नंतर तोच इतरांना तेथे नेऊ लागला. परमेश्वराच्या कृपेने तो सावरला आणि पुढे बिशप झाला, ही गोष्ट वेगळी. आवड अशी लावावी लागते. जमावाच्या गर्जनेचे काम आज जाहिरात करते.

वाचकहो, अमेरिकेच्या शर्यतीशी आपला काय संबंध, असे म्हणू नका. हीच दृश्ये आपल्या मुलांच्या हातातील मोबाईलवर येतात, आणि रस्त्यावर तडफडणाऱ्या जखमीचे चित्रण करीत उभे राहणारे लोक आपल्याही गावी आढळतात. डोळ्यांना एकदा सवय लागली की हात मदतीला लवकर पुढे होत नाहीत.

आमची मागणी साधी आहे. अपघाताचे चित्रण चौकशीसाठी जपा, अभियंत्यांना दाखवा, नवशिक्या चालकांना दाखवा. जाहिरातीतून ते काढून टाका. ज्याच्या तिजोरीत अपघातामुळे भर पडते, त्याने अपघात टाळण्याची शपथ घेतली तरी ती अर्ध्या मनाची राहणार. आणि असे दृश्य समोर आले की ते बंद करावे, मुलांनाही का ते सांगावे. पाहणारा उरला नाही, तर विकणारा किती दिवस विकेल?