फ्लाइंग क्लब निवडताय? फी नंतर विचारा, आधी विमानं मोजा

पायलट व्हायचं स्वप्न बघणाऱ्यांनी एक बातमी नीट वाचायला हवी. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, ऑक्टोबर २०२५ पासून देशातल्या विमान प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. ए++ आणि ए या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. १३ संस्थांना बी मिळाली आणि उरलेल्या २२ संस्था सी मध्ये गेल्या. सी म्हणजे ५० टक्क्यांपेक्षा कमी गुण!

ही बातमी आली त्याच सुमारास माझा मावसभाऊ एका क्लबचं ब्रोशर घेऊन घरी आला. त्यात लिहिलं होतं, "१५ महिन्यांत कमर्शियल पायलट." मावशी-काका घरावर कर्ज काढायच्या तयारीत होते. मी सॉफ्टवेअरवाला, विमानातलं मला फारसं कळत नाही. पण सर्व्हर किती आणि लोड किती, हा हिशोब रोजचाच. तोच इथे लावून बघितला.

श्रेणी कशावर ठरते?

१०० पैकी सगळ्यात जास्त, म्हणजे ४० गुण कामकाजाला आहेत. विमानं किती, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, असल्या गोष्टी यात येतात. कामगिरीला २०, सुरक्षिततेला २०, नियमपालनाला १० आणि विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीला १०. ही यादी दर वर्षी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला नव्याने येणार आहे.

कामकाजाला एवढं वजन का, ते साध्या गणितातून कळतं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी तुमची स्वतःची असते. आता समजा, एका क्लबकडे १० विमानं आणि १०० विद्यार्थी आहेत. प्रत्येक विमान रोज ३ तास, महिन्यातले २५ दिवस उडालं, तर महिन्याला ७५० तास झाले. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला साडेसात तास. २०० तास व्हायला जवळपास २७ महिने!

आता यातली ४ विमानं दुरुस्तीसाठी हँगरमध्ये उभी आहेत असं धरा. महिन्याला उरले ४५० तास. एकेकाला साडेचार. तेच २०० तास आता ४४ महिन्यांवर गेले. वर पावसाळा आणि धुकं आहेच. फी तेवढीच राहते, पण हॉस्टेल, मेस आणि बँकेचं व्याज चालूच.

मग जास्त उडवणारा क्लब चांगला?

तसंही नाही. बारामतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. असं झालं की ज्यांचे तास अर्धवट आहेत ती मुलं अडकतात. म्हणून तास भराभर मिळतायत का एवढंच बघून चालत नाही. देखभाल कोण करतं आणि प्रशिक्षक टिकतात का, हेही बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे उड्डाण होतं कुठे. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, ते बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. क्लबचा पत्ता आजही जुहूचा, पण उड्डाणाचं प्रशिक्षण धुळ्याला. मुंबईच्या आकाशात मोठ्या विमानांची एवढी गर्दी असताना ते बरोबरच आहे. फक्त तुम्हाला राहायचं कुठे आहे, हे ब्रोशरवरचा पत्ता बघून ठरवू नका.

तुमचा फोन काय सांगू शकतो?

बऱ्याच विमानांत एडीएस-बी नावाची यंत्रणा असते. ती विमानाची जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत सांगत असते. जमिनीवर हौशी लोकांनी लावलेले रिसीव्हर ते पकडतात आणि फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर आपल्याला दिसतं. क्लबकडून विमानांचे 'व्हीटी'ने सुरू होणारे नोंदणी क्रमांक घ्या, ॲपवर टाका आणि गेल्या आठवड्यात कोणतं विमान किती वेळा उडालं ते बघा.

पण लगेच निष्कर्ष काढू नका. हे सिग्नल सरळ रेषेत जातात. विमान कमी उंचीवर किंवा डोंगराआड असेल, जवळपास रिसीव्हर नसेल, किंवा विमानात ती यंत्रणाच नसेल, तर ते उडूनही दिसणार नाही. ॲपवर दिसलं म्हणजे उडालं. दिसलं नाही, तर क्लबला जाऊन विचारायचं.

माझं म्हणणं

फेब्रुवारी २०२५ पासून पायलटचं लायसन्सही मोबाइलवर आलंय. चीननंतर असं करणारा भारत दुसरा देश ठरला. मग प्रत्येक क्लबमध्ये महिन्याला एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले, हा आकडाही श्रेणीसोबत छापायला काय हरकत आहे? 'सी' या एका अक्षरावरून कर्जाचे हप्ते किती वर्षं चालतील ते कळत नाही. तासांवरून कळतं.

तोपर्यंत पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या:

- आज उडण्यालायक विमानं किती, आणि विद्यार्थी किती?
- गेल्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले?
- प्रशिक्षण मध्येच थांबलं, तर उरलेल्या पैशांचं काय?

मावसभावाने हेच प्रश्न मेल केले. दोन आठवडे झाले, पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं, "ऑफिसला या, बोलू." मावशीने बँकेची फाइल सध्या कपाटात ठेवलीय. एप्रिलची यादी येईपर्यंत ती तिथेच राहील.