हात तिचे, सही कुणाची?

आमच्या गटातली एक मैत्रीण गेल्या वर्षी एका बैठकीच्या निमित्ताने मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका शहरात जाऊन आली. बैठक संपल्यावर एक रविवार मोकळा होता. मुक्कामाच्या जागी एक पत्रक ठेवलेलं होतं : पारंपरिक हस्तकला आणि प्रादेशिक जेवण, वाटाड्यासह एक दिवसाची सहल. तिने पैसे भरले. परत येताना तिने एक लहानसा लोकरी गालिचा, काळ्या मातीचा एक पक्षी आणि एक भरलेली वही आणली. बैठकीत गालिचा हातोहात फिरला, पक्ष्याचं कौतुक झालं. मग तिने वही उघडली. पहिलंच वाक्य होतं, ‘आज दिवसभर बायकांचे हात पाहिले आणि पुरुषांचे आवाज ऐकले.’

संपादकीयात हे प्रवासवर्णन कशाला, असं काही जणींना वाटेल. पण त्या एका वाक्यावर आम्ही दोन तास बोललो. तेव्हा वाटलं, हे तुमच्यापर्यंतही पोचावं.

सहलीचा पहिला थांबा तेओतितलान देल वाये. झापोटेक आदिवासींचं विणकरांचं गाव. इथे एक प्रात्यक्षिक हमखास दाखवतात. फड्या निवडुंगावर वाढणारा एक बारीक किडा तळहातावर चिरडायचा. हात गर्द लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की केशरी छटा येते, चुनखडी लावली की जांभळी. या किड्याला तिकडे कोचिनिया म्हणतात. रंग मिळतो तो फक्त मादीपासून. एक किलो रंगासाठी लाखाहून अधिक माद्या वाळवाव्या लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून परदेशी जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल या रंगाची किंमत होती. युरोपातल्या सरदारांचे आणि धर्मगुरूंचे लाल झगे याच रंगाने रंगत.

वाटाड्या हे सगळं रंगवून सांगत होता. तळहात मात्र एका बाईचा होता. ती सकाळपासून किती वेळा किडा चिरडत होती, कोण जाणे! तिला कुणी काही विचारलं नाही.

या गावच्या मागाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी कमरेला पट्टा बांधून विणायचा माग होता, आणि तो प्रामुख्याने बायकांचा होता. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी मेंढ्या आणल्या, लोकर आणली आणि पायाने चालवायचा मोठा माग आणला. हा नवा माग पुरुषांच्या ताब्यात गेला. लोकर धुणं, पिंजणं, सूत कातणं हे बायकांकडे राहिलं, पण विणकर म्हणवला गेला पुरुष. पुढे १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने करार करून मेक्सिकोतून लाखो मजूर नेले. गावातले पुरुष गेले. त्यानंतरच्या दशकांत पर्यटकांची मागणी वाढत गेली आणि बायकाही मागावर बसू लागल्या. तरी गालिच्याचा भाव ठरवायची ती व्यापारी घरंच. १९८०च्या दशकापासून इथल्या बायकांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या, आपला माल आपण विकायला सुरुवात केली. त्यांतल्या एका गटाचं नाव आहे ‘विदा नुएवा’, म्हणजे ‘नवं आयुष्य’. नावातच सगळं आलं. पैसा हातात आला, आणि त्याच्या जोडीला घराबाहेर बसून चार जणींनी मिळून ठरवण्याची सवय लागली.

दुपारचं जेवण त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजारात. परकरी झगे नेसलेल्या, वेण्यांत रंगीत फिती गुंफलेल्या बायका, मिरच्यांचे ढीग, मक्याच्या भाकऱ्या, तव्याएवढ्या कुरकुरीत त्लायुदा, आणि मातीच्या मोठ्या भांड्यात तेहाते नावाचं फेसाळ पेय. मका, भाजलेला कोको, मामेय फळाची बी आणि एक सुवासिक फूल एकत्र वाटायचं, आणि मग कोपरापर्यंत हात घालून फेस वर येईपर्यंत घोळत राहायचं. सान आंद्रेस वायापाम या गावच्या बायका तेहातेसाठी प्रसिद्ध आहेत. पर्यटक फेसाचे फोटो काढतात. खांद्याचा फोटो निघत नाही.

इथेच आमच्या मैत्रिणीने मेताते पाहिलं. तीन पायांवर उभा असलेला, थोडा उतरता दगडी पाटा आणि वर दोन हातांनी धरायचा वरवंटा. बाई गुडघे टेकून बसते आणि सगळं अंग पुढे टाकून वाटते. आपल्या पाट्या-वरवंट्याचीच बहीण म्हणा ना! आपल्या ठेच्यातली मिरचीही मूळची त्याच मातीतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली. चव आली तसे वाटणाऱ्या बाईचे कष्ट आपल्या ओळखीचे वाटतात, यात नवल नाही.

मका वाटण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. त्याला निक्स्तामाल म्हणतात. या एका कृतीने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. युरोपीयांनी मका नेला, पण ही कृती नेली नाही. परिणामी इटलीसारख्या देशात फक्त मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्राने आजारी पडली, वेडी झाली, मेली. मेक्सिकोच्या बायका हजारो वर्षं जे रोज करत होत्या, त्याला कुणी ज्ञान म्हटलं नव्हतं. तो स्वयंपाक होता.

आणि या स्वयंपाकाला वेळ किती लागायचा? गिरण्या येण्यापूर्वी एका कुटुंबाच्या भाकऱ्यांसाठी बाई दिवसाचे पाच-सहा तास मेतातेपुढे गुडघ्यावर असायची. १९३४ ते १९४० या काळात लाझारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष होते. तेव्हा खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या संघटनांनी सरकारकडे मागणी लावून धरली, ती मका दळायच्या गिरणीची. काही ठिकाणी पुरुषांनी विरोध केला. गिरणीच्या पिठाच्या भाकरीला चव नसते म्हणे, आणि बायकांना रिकामा वेळ मिळाला की त्या बिघडतात! गिरणी आली. बायकांनी ती लढून आणली. पण हस्तकला आणि खाद्यपदार्थांच्या सहलीत गिरणी दाखवत नाहीत, मेताते दाखवतात. पाच तासांचं काम पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक झालं की ते देखणं दिसतं.

२०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वारसा म्हटल्यावर वारस कोण, हेही विचारावं लागतं. तेओतितलानमध्येच अबिगाईल मेंदोसा आणि त्यांच्या बहिणींनी १९९० साली ‘त्लामनाली’ हे स्वतःचं उपाहारगृह सुरू केलं. झापोटेक घरातलं वाटण, मोले, मक्याचं जेवण त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भावाने जगापुढे ठेवलं. मेताते तेच, गुडघे टेकणंही तेच. पण दाखवायचं काय आणि घ्यायचं किती, हे त्या ठरवतात. फरक एवढाच आहे आणि तोच सगळा आहे.

पुढचा थांबा सान बार्तोलो कोयोतेपेक, काळ्या मातीच्या भांड्यांचं गाव. चाक नाही, एक ताटली पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि वरच्या ताटलीत हाताने फिरवत घडवलेलं मडकं. पूर्वी ही भांडी राखाडी, खरबरीत असत, पाण्याला आणि दारूला वापरत. १९५०च्या दशकात दोन्या रोसा रेआल या कुंभारणीने मडकं पुरतं वाळण्याआधी गारगोटीने घासलं, आच कमी ठेवली आणि भांड्याला आरशासारखी काळी चकाकी आली. पर्यटकांची रांग लागली. कमी आचेमुळे या भांड्यात पाणी ठरत नाही. ते शोभेचं झालं. तरी या गोष्टीत बाईचं नाव टिकून राहिलं. १९८० साली त्या वारल्या, पण आजही लोक ‘दोन्या रोसाची मातीची भांडी’ म्हणतात. आपल्याकडे किती कुंभारणींची नावं कुणाला माहीत आहेत? कुंभाराच्या चाकाला बाईने हात लावायचा नाही, हा दंडक मात्र माहीत असतो.

शेवटचं गाव सान मार्तिन तिलकाहेते. कोपालच्या लाकडाचे चित्रविचित्र प्राणी, अंगभर ठिपके आणि नक्षी. घराघरांतून कामाची सर्वसाधारण वाटणी अशी की कोरतो पुरुष, घासते आणि रंगवते बाई. नजर खिळते ती रंगांवर. पण पोटाखालची सही अनेकदा घरच्या पुरुषाची असते. आता काही घरं दोघांची नावं लिहितात. आमच्या मैत्रिणीने एका दुकानात प्राणी उलटे करकरून पाहिले. दुकानदाराला वाटलं, ती किमतीची चिठ्ठी शोधतेय.

आता कुणी म्हणेल, सहली बंद कराव्यात का? मुळीच नाही. त्या गावांतल्या बायकांना गिऱ्हाईक हवं आहे. सहलीमुळेच पुष्कळ घरांत चूल पेटते, मुलगी शाळेत जाते. आक्षेप आहे तो ‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की प्रश्न थांबतात, याला. वाहाकातल्या बहुसंख्य नगरपालिका आपले प्रतिनिधी गावसभेत रूढीप्रमाणे निवडतात. आदिवासींच्या स्वशासनाचा तो मोलाचा हक्क आहे. पण २००७ साली सान्ता मारिया किएगोलानी या गावात एउफ्रोसिना क्रूस या झापोटेक तरुणीला मतं पडली, तेव्हा ती बाई आहे म्हणून ती रद्द ठरवण्यात आली. तीही परंपराच! ती गप्प बसली नाही. २०१० मध्ये ती राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्ष झाली. आपल्या समाजाची मान उंच ठेवून समाजातल्या अन्यायाशी भांडता येतं, हे तिने दाखवलं.

दुसरी बाजूही पाहा. २०१५ साली वाहाकातल्याच सान्ता मारिया त्लाहुइतोल्तेपेक या गावच्या मिहे बायकांच्या पोलक्याची नक्षी पॅरिसच्या फॅशन व्यवसायात जशीच्या तशी उमटली आणि गावाने जाहीर निषेध केला. अशा अनेक प्रकरणांनंतर जानेवारी २०२२ मध्ये मेक्सिकोने आदिवासी आणि आफ्रिकन वंशाच्या समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. नक्षीवर समाजाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण समाजाच्या नावाने सही करायला उद्या कोण बसणार? त्या खुर्चीवर शिवणारी बाई असेल का?

मैत्रिणींनो, मेक्सिकोशी आपलं नातं जुनं आहे. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स्त्रियांची पहिली जागतिक परिषद मेक्सिको शहरातच भरली होती. तिथल्या खुल्या मंचावर बोलिव्हियाच्या खाणकामगार वस्तीतली दोमितिला बार्रिओस ही गृहिणी उभी राहिली आणि शिकल्या-सवरलेल्या बायकांना तिने सुनावलं की तुमचं जगणं आणि माझं जगणं एक नाही. पुढे तिची कहाणी पुस्तकरूपाने आली. त्याच्या नावाचा अर्थ आहे, ‘मला बोलू दिलंत तर’. पन्नास वर्षं झाली. सहलीच्या रांगेत किडा चिरडणारी बाई अजून तेवढंच मागते आहे.

आणि आपण? वारली चित्रं मुळात लग्नघरी सवाशिणी काढत. १९७०च्या दशकात ती कागदावर, बाजारात आली आणि जगभर नाव झालं ते पुरुष चित्रकारांचं. त्यांची कला अस्सलच आहे. तरी त्या सवाशिणींची नावं शोधणं आपलं काम आहे. हमरस्त्यावर ‘चुलीवरची भाकरी’च्या पाट्या लागल्या आहेत. कृषी पर्यटन केंद्रांत जातं अंगणात मांडलेलं असतं आणि पाहुण्यांच्या हौसेसाठी एक मावशी ओवी म्हणते. धूर तिच्या डोळ्यांत जातो, गल्ल्यावर कोण बसतं?

बचतगटांची प्रदर्शनं भरवताना, सहली काढताना, नुसती खरेदी करतानाही काही प्रश्न आपण सवयीने विचारू या. हे कुणी केलं, तिचं नाव वस्तूवर आहे का? भाव कुणी ठरवला? पैसे कुणाच्या हातात पडले? ती मागावर असते तेव्हा घरी भाकरी कोण थापतं? आणि माहिती सांगायला माईक तिच्याच हातात देता येईल का?

आमच्या मैत्रिणीच्या वहीतलं शेवटचं पानही सांगितलं पाहिजे. तिने लिहिलं होतं, ‘गालिचा घेताना मी घासाघीस केली. भाव उतरवला आणि खूश झाले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, विणायला किती दिवस लागले हे मी विचारलंच नाही.’

वाचून झाल्यावर ती गप्प बसली. आम्हीही. गालिचा आता आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली विणणारीचं नाव लिहायचं होतं. ती जागा रिकामीच ठेवली आहे.

— संपादक मंडळ