घरचे आरोग्य : डोक्यातला कोंडा

"ताई, सप्रेम जयभीम. मुलगी नववीला आहे. डोक्यात कोंडा फार. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारले, घरी पाणी नाही का? तेव्हापासून पोरगी शाळेत जायचे नाव काढले की रडते. मी रोज कपड्याच्या साबणाने तिचे डोके धुते, लिंबू चोळते. आग होते म्हणून ओरडते, पण कोंडा जात नाही. काय करू?"

एका भगिनीचे हे पत्र आहे. उत्तर सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून इथे देत आहे.

आधी त्या बाईंच्या प्रश्नाबद्दल. बंगल्यातल्या मुलीच्या खांद्यावर कोंडा पडला तर तो 'स्किन प्रॉब्लेम' असतो, आणि आपल्या वस्तीतल्या मुलीच्या खांद्यावर पडला तर ती घाण ठरते. कोंडा दोन्हीकडे एकच. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. भगिनींनो, हे मुलीला आधी सांगा, औषध नंतर लावा. शाळेत जाऊन बाईंनाही शांतपणे सांगायला हरकत नाही.

मग कोंडा होतो कशामुळे? आपल्या डोक्याच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारी एक बुरशी राहते. लुई-शार्ल मालासे नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1874 साली ती कोंड्यात पाहिली, म्हणून तिचे नाव मॅलासेझिया. ही बुरशी तुमच्या डोक्यात आहे, माझ्या डोक्यात आहे, त्या बाईंच्या डोक्यातही आहे. कातडीतून जे तेल पाझरते त्यावर ती जगते. ते तेल खाताना ती काही आम्ले मागे सोडते. ती काहींच्या कातडीला सोसतात, काहींच्या सोसत नाहीत. ज्यांना सोसत नाहीत त्यांच्या डोक्याला खाज सुटते. एरवी कातडी साधारण महिनाभरात हळूहळू बदलते, ती घाईघाईने सुटू लागते आणि तिचे पापुद्रे कपड्यांवर दिसतात.

वयात येताना कातडीतल्या तेलाच्या गाठी जोमाने काम करू लागतात. म्हणूनच तेराव्या-चौदाव्या वर्षी कोंडा सुरू होतो. थंडीत तो वाढतो, परीक्षेच्या काळजीने आणि जागरणानेही वाढतो. डोक्यावर दिवसभर चुंबळ, पटका किंवा हेल्मेट असणाऱ्यांना घामामुळे खाजेचा त्रास अधिक होतो.

आता उपाय. कपड्याचा साबण आजपासून बंद. तो कपड्यांसाठी बनवलेला आहे, कातडी सोलून काढतो. लिंबूही बंद. खाजवून ओरखडे पडलेल्या डोक्यावर लिंबू म्हणजे जखमेवर आम्ल, आणि तसेच उन्हात गेले तर कपाळावर काळे डाग उठू शकतात. शिकेकाई-रिठ्याने केस स्वच्छ होतात, ती जरूर वापरा, पण कोंडा जास्त असेल तर तेवढ्याने भागत नाही.

कोंडा थोडा असेल तर झिंक पायरिथिऑन असलेला साधा कोंड्याचा शॅम्पू पुरतो. पुडीवर बारीक अक्षरात औषधाचे नाव असते, ते मुलीकडून वाचून घ्या. कोंडा जास्त असेल तर मेडिकलमधून 2 टक्के केटोकोनॅझोलचा शॅम्पू आणावा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावावा. रोज धुण्याची गरज नाही, त्यामुळे नळाला एक दिवसाआड पाणी येत असले तरी जमते.

बहुतेकांची चूक होते ती लावण्यात. फेस केला आणि लगेच तांब्या ओतला, तर औषध मोरीत गेले. केस ओले करून शॅम्पू केसांच्या लांबीला नव्हे, मुळाशी कातडीला लावावा. नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी चोळावा. मग घड्याळ बघून पाच मिनिटे थांबावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

महिन्याभरात डोके साफ झाले की लोक शॅम्पू सोडून देतात, आणि दोन महिन्यांनी 'औषध खोटे निघाले' म्हणतात. औषध खोटे नाही. बुरशी कायमची जात नाही, ती फक्त आटोक्यात राहते. म्हणून पुढेही आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तोच शॅम्पू लावावा.

तेलाचे काय, हा प्रश्न येणारच. तेल लावले की पापुद्रे चिकटून बसतात, कोंडा गेल्यासारखा वाटतो. गेलेला नसतो. थर जाड असेल तर धुण्याआधी तासभर खोबरेल लावून तो मऊ करून घ्यावा, पण रात्रभर डोके तेलात भिजवून ठेवू नये. आपल्या आज्या रागावतील, पण नाइलाज आहे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी खरे तर हा विषय घेतला, ती. पाच-सहा-आठ वर्षांच्या मुलाला सहसा कोंडा होत नाही. एवढ्या लहान मुलाच्या डोक्यात खवले दिसत असतील, तिथले केस तुटून गोल चट्टा पडला असेल, तर तो बहुधा डोक्यातला गजकर्ण असतो. हा मात्र लागतो. कंगवा, टोपी, उशी यांतून एका भावंडाचा दुसऱ्याला होतो. तो नुसत्या शॅम्पूने किंवा मलमाने बरा होत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पोटात औषध घ्यावेच लागते. उशीर झाला तर तिथे सूज येते, पू होतो आणि कधी कधी त्या जागी पुन्हा केस येत नाहीत. कोणी सांगितले म्हणून खाज थांबवणारे स्टेरॉइडचे मिश्र मलम लावू नका. दोन दिवस बरे वाटते आणि आत गजकर्ण पसरतो. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा, आणि घरातल्या बाकी मुलांची डोकीही तपासून घ्या.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पिवळट खपल्या धरतात, त्या वेगळ्या. थोडे तेल लावून, मऊ ब्रशने हलकेच सोडवाव्यात. काही महिन्यांत आपोआप जातात.

केसाला चिकटलेला पांढरा दाणा बोटाने ओढून सरकत नसेल तर ती लीख आहे, कोंडा नाही. उवांसाठी रॉकेल लावण्याची चाल अजून काही घरांत आहे. चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या डोक्याला रॉकेल, हा जिवाशी खेळ आहे. ते कधीही लावू नका.

मोठ्या माणसाच्या डोक्यावर चांदीसारखे जाड खवले असतील, ते कपाळापर्यंत उतरले असतील, कोपरांवर-गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. तोही एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण त्याचे उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

आणि पत्र पाठवणाऱ्या भगिनींसाठी एवढेच : मुलीला टक्कल पडेल अशी भीती तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. कोंड्याने टक्कल पडत नाही. खाजवून थोडे केस गळतात, ते पुन्हा येतात. चार आठवडे नीट शॅम्पू लावूनही फरक पडला नाही, किंवा भुवया, नाकाच्या कडा, कानामागे लाल होऊन खवले दिसू लागले, तर तिला डॉक्टरांकडे न्या. त्या दिवशी शॅम्पूची पुडी बरोबर ठेवा, म्हणजे काय लावले हे त्यांना कळेल.