पोलिसांचा शेजारधर्म

बांगलादेशाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच उतारा सुचवला जातो: कुंपण घाला. ४,०९६ किलोमीटरच्या सीमेपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भागाला ते घालून झालेही आहे. कुंपणाने वाटसरू अडतो. तस्करीचा दलाल अडत नाही. त्याची माणसे दोन्ही बाजूंना बसलेली असतात. त्याला धरायचे तर पोलीसही दोन्ही बाजूंचे हवेत.

अशा दुहेरी पोलिसी सहकार्यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. हे सहकार्य म्हणजे सरकारांची देवघेव, मैत्री असेल तोवरच चालणार. याला पुरावाही आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ढाक्याने आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेचा अनुप चेतिया आपल्या हवाली केला आणि लगोलग आपण बांगलादेशातल्या नारायणगंजच्या सात खुनांतला आरोपी नूर हुसेन त्यांना दिला. २०१६ मध्ये प्रत्यार्पण करारातली पुराव्याची अट गेली, नुसते वॉरंट पुरेसे ठरले. माजी पंतप्रधान शेख हसीनांना परत मागताना ढाका आज तोच करार पुढे करतो. सगळे मान्य. पण बड्या धेंडांचे प्रत्यार्पण हे राजकारणच असते. पोलिसी सहकार्याची परीक्षा तिथे घ्यायचीच कशाला?

ती घ्यावी पुण्यातल्या निवारागृहात. बुधवार पेठेतून सोडवलेली एखादी मुलगी खुलन्याकडचे आपले गाव सांगते. मग कागद निघतो: संस्था, जिल्हा, मंत्रालय, उच्चायोग, ढाका आणि शेवटी तिच्या गावचे ठाणे. तिथला शिपाई बापाचे नाव विचारणार आणि ते उत्तर त्याच पायऱ्या चढत परत येणार. महिने जातात, कधी वर्षेही. मानवी तस्करीविरुद्धचा करार दोन्ही देशांनी जून २०१५ मध्येच केला आहे. नाही तो एक फोन: ‘अमक्याची पोर हरवल्याची नोंद आहे का तुमच्याकडे?’

असे विचारणे अशक्य नाही: जर्मनीत राइनकाठच्या केलमध्ये फ्रेंच आणि जर्मन पोलीस एकाच केंद्रात बसतात. पलीकडच्या गाडीचा नंबर कुणाचा, हे शेजारच्या सहकाऱ्याला विचारले की झाले. त्यांचे जमते, ते मित्र आहेत, असे कुणी म्हणेल. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत तीनदा लढलेले मित्र! आपल्या सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यावर असे टेबल मांडायला कुणाची हरकत असावी?

‘पोलीसच सामील असले तर?’ हा प्रश्न मात्र झटकता येत नाही. नारायणगंजच्या खटल्यात रॅब या तिथल्या विशेष पोलीस दलाचे अधिकारीच दोषी ठरले. म्हणूनच त्या टेबलावर फोनबरोबर नोंदवहीही हवी, दोन्हीकडच्या सह्यांची. एका ठाण्यातला कागद गहाळ करता येतो. त्याची जोडप्रत परक्या देशात असली, तर ते तितके सोपे राहत नाही.